आमच्याकडे, आपल्याकडे

“जावईबापू, तुम्ही उचलू नका!” अप्पा दारातूनच ओरडले.

जावईबापूंच्या हातात माझ्या माइकचा स्टँड होता. वजन म्हणाल तर सायकलच्या पंपाएवढं. तरी मिरच्यांचे देठ खुडत बसलेल्या दोन बायकांना हाक गेली. एकीनं स्टँड घेतला, दुसरी मोकळ्या हातांनी तिच्या मागून चालली, आणि जावईबापू रिकामे हात कुठं ठेवावेत हे न कळून ते खिशात घालून उभे राहिले. माणसं बघितली की मनातल्या मनात त्यांचं खातं उघडायची मला खोड आहे. त्यांच्या खात्यावर मी पहिली ओळ टाकली: इथं यांचा फार मान आहे, बिचाऱ्यांचा.

ही गडहिंग्लजची गोष्ट. त्याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापुरात जाहिराती रेकॉर्ड करून देत असे. साड्यांचे सेल, क्लासचे निकाल, निवडणूक आली की रिक्षावर वाजवायची गाणी. पॉडकास्ट हा शब्द घेवारींच्या घरात आणला तो जावईबापूंनी. घेवारी मसाल्यांची सगळी हकिगत अप्पांच्या तोंडून सांगायची आणि लोकांनी ती मोबाइलवर ऐकायची, अशी त्यांची कल्पना. त्यांचं खरं नाव मल्लिकार्जुन तोडकर. माहेर निपाणी. पुरुषाला माहेर नसतं, ठाऊक आहे. पण यांच्या बाबतीत दुसरा शब्द बसत नाही. अप्पांना एकच मुलगी, गिरिजा. लग्न झालं तसे हे इथंच राहिले. मिरचीच्या खरेदीपासून पुण्यामुंबईच्या दुकानदारांपर्यंत सगळा व्याप तेच बघत होते.

“आमच्या घरात मुलगे जन्मत नाहीत, जावई येतात,” गिरिजा मला म्हणाली. “अप्पापण घरजावईच. हा डंक माझ्या आजोबांचा.”

डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं एकामागून एक उखळात आपटतात आणि शेजारच्या घरातली भांडी मांडणीवर नाचतात. रेकॉर्डिंगपुरता तो बंद ठेवायला अप्पा कबूल झाले होते. पण यंत्र थांबल्यानं त्यांचाच जीव कासावीस झाला होता. ते सारखे उठून त्याच्याकडे बघून येत.

जागा ठरवायला मी जावईबापूंबरोबर सगळं घर पालथं घातलं. ऑफिसात टाळी वाजवली तर ती भिंतीला आपटून परत आली. तिथं बोललेलं सगळं विहिरीत बोलल्यासारखं आलं असतं. मिरच्यांच्या कोठारात मात्र आवाज असा सुरेख बसत होता की मी खूश झाले. छतापर्यंत पोती, म्हणजे घुमायला जागाच नाही.

“इथंच करू,” मी म्हणाले, आणि जी ठसकत बाहेर पळाले ती अंगणातल्या नळापाशीच थांबले.

“धण्याचं कोठार बघा,” जावईबापू म्हणाले. त्यांना पहिल्यांदाच हसू आलं होतं. “तिथं नुसत्या शिंका येतात.”

धण्याच्या कोठारात मी वायर सोडवत होते तेव्हा त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो बंद केला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद केला.

“घ्या की,” मी म्हटलं.

“बेळगावचे आहेत.” त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. “तिथल्या एका मसालेवाल्यांना मॅनेजर पाहिजे. सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचंय.”

“आणि अप्पा?”

“मामांना माहीत नाही. गिरिजाला माहीत आहे. ती म्हणते, तुम्ही जाल तिकडं मी.”

“मग हा पॉडकास्टचा घाट कशाला?”

“जायच्या आधी मामांचं सगळं एकदा नीट ऐकून घ्यावं म्हटलं.”

मला ते पटलं नाही. जाणारा माणूस सामान आवरतो. हे तर घराला रंग द्यायला निघाले होते. यांना या रेकॉर्डिंगमधून काहीतरी हवं होतं. काय, ते काही ध्यानात येईना.

चहा आला. मी माइक चालू करून ठेवला होता, आवाजाचा अंदाज घ्यायला. अप्पा धण्याच्या पोत्यावर ऐसपैस बसले, धोतराचा सोगा आवरला आणि माझ्याकडे वळले.

“काय गं पोरी, जेवून आलीस काय तशीच?”

“खाऊन आले, अप्पा.”

“काय खाल्लंस? स्टँडवरचा वडा? गिरे, भाकरी आण हिला. अगं लाजतीस काय? आपल्या घरचीच हायस तू, हात आखडू नगंस.”

घरात पाऊल ठेवून मला पुरता तास झाला नव्हता. भाकरी आली, वर खर्डा आला. मी जेवायला बसले. आम्हा सगळ्यांना चहा स्टीलच्या पेल्यातून होता. जावईबापूंना तेवढा चिनी मातीच्या कपातून, बशीसकट, ट्रेमध्ये. त्यांनी कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला.

मग मी अप्पांना धडा दिला. “माइककडे बघायचं नाही. लोक ऐकतायत, हे डोक्यातून काढा. जावईबापूंकडे बघून बोला. यांना मसाल्यातलं ओ की ठो कळत नाही असं समजून सांगा.”

“यांना?” अप्पांनी भुवया उंचावल्या.

“समजून, अप्पा. नुसतं समजून.”

“बरं. समजतो.”

“आणि सुपारी थुंका. दातांचा आवाज येतो.”

अप्पा सुपारी थुंकून आले. मी हेडफोन चढवले. या धंद्यात एक गंमत आहे. समोर बसलेला माणूस तुम्हाला तोंड दाखवतो, पण हेडफोनमध्ये त्याचा घसा, त्याचं पोट, त्याचं बूड, सगळं ऐकू येतं. चेहरा सांभाळणारे खूप बघितले. गिळलेला आवंढा सांभाळणारा अजून भेटायचाय.

“मामा, मिरची घेताना काय बघायचं?” जावईबापूंनी कागदावरचा पहिला प्रश्न वाचला.

“त्याचं असं हाय, जावईबापू. आमच्याकडे संकेश्वरीच लागती. दुसरी मिरची रंग देती, वास देत न्हाई. आमच्याकडे देठासकट मिरची कुटत न्हाईत, जावईबापू. कुणी कुटत असंल, त्याला आमचा नमस्कार. आमच्याकडे पोतं आलं की आधी ऊन दाखवायचं. घाई करायची न्हाई. तुम्हाला म्हणून सांगतो.”

अप्पा बोलायला लागले की फक्कड बोलत. सासऱ्यांच्या वेळचा डंक, पुराच्या साली माळ्यावर चढवलेली पोती, एका गिऱ्हाइकानं मसाला परत आणला म्हणून त्याच्याच घरी जाऊन स्वतः केलेली आमटी. मी मान डोलवत होते. पण हेडफोनमध्ये आणखी एक काहीतरी चाललं होतं. जावईबापू ज्या लाकडी खुर्चीवर बसले होते ती मधूनमधून कुरकुरत होती. मी हातानं खूण केली. त्यांनी मान हलवली, पाय आवळून घेतले. अप्पा पुन्हा म्हणाले, “आमच्याकडे...” आणि खुर्ची पुन्हा वाजली.

प्रश्न संपत आले तसे जावईबापू कागद बघेनासे झाले. घसा खाकरला, आवंढा गिळला, तोही मला नीट ऐकू आला. मग विचारलं, “मामा, पुढं हे सगळं कोण बघणार?”

अप्पांनी जराही वेळ घेतला नाही. “बघतील की आमची माणसं!”

जावईबापू उठले ते असे, की माइक स्टँडसकट पोत्यावर आडवा झाला.

“आजच्याला बास,” ते म्हणाले आणि बाहेर गेले. अंगणात त्यांच्या फेऱ्या ऐकू येत होत्या, नळापासून गेटपर्यंत, गेटपासून नळापर्यंत.

“उन्हाचं झालं असंल त्यांना,” अप्पा म्हणाले. “गिरे, जावईबापूंना सरबत दे.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात एडिटिंगला बसले. डंक चालू होता, टेबल थरथरत होतं, पण हेडफोन असले की मला त्याचं काही वाटत नाही. शिंका काढल्या, ठसके काढले, अप्पांचे ‘काय म्हणतात त्याला’ काढले. ते सगळेच काढले असते तर अप्पा शाळामास्तरसारखे वाटले असते, म्हणून थोडे ठेवले. जावईबापू शेजारी बसून टेबलावर बोटं वाजवत होते.

“हे उंच उंच काय आहे?” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“ती शिंक.”

“आणि हे काट्यासारखं?”

“ती तुमची खुर्ची. हे बघा, इथं अप्पा ‘आमच्याकडे’ म्हणाले, लगेच खुर्ची. इथं ‘आमच्याकडे’, पुन्हा खुर्ची. मी म्हटलं खुर्चीला शब्द कळतात की काय.”

मी चेष्टेत म्हणाले होते. त्यांची बोटं थांबली.

मग ते म्हणाले, “विभाताई, शब्द बदलता येतो?”

“कुठला?”

“‘आमच्याकडे’च्या जागी ‘आपल्याकडे’. म्हणजे, ऐकणाऱ्याला जरा जवळचं वाटतं. जाहिरातीच्या दृष्टीनं.”

“जाहिरातीच्या दृष्टीनं ‘आमच्याकडे’ जास्त चांगलं. ‘आमच्याकडे मिळेल’ असंच लिहितात की दुकानांवर.”

“सगळीकडे नको. एकदाच. ते देठाचं वाक्य आहे ना, तिथं. तेवढंच.”

“आपल्याकडे हा शब्द अप्पांनी म्हटलेला पाहिजे ना! सबंध रेकॉर्डिंगमध्ये एकदाही नाही म्हटलेला. मी काय माझ्या तोंडातून घालू?”

“म्हटलाय,” ते म्हणाले. “चहाच्या वेळी. ‘आपल्या घरचीच हायस तू.’ तुमचा माइक चालू होता.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते टेबलाकडे बघत होते.

“तुम्हाला एका चहात मिळालं ते,” ते म्हणाले. “तू, अगं, आपल्या घरची, सगळं. देठ खुडणाऱ्या बायकांना मिळतं. दूधवाल्याला मिळतं. त्याला तर मामा ‘अरे गाढवा’ म्हणतात आणि तो हसतो. ती मिरची मी घेतो, विभाताई. संकेश्वरीच्या शेतात उभा राहून मी घेतो. देठ खुडून कुटायची पद्धत मी आणली. आणि मलाच सांगतात, आमच्याकडे असं करतात, जावईबापू. पाहुण्याला घर दाखवल्यासारखं.”

“मान देतात तुम्हाला.”

“देतात ना. गल्ली देते, बँक देते. गिरिजा ‘अहो’ म्हणते, ते तिचं बरोबरच आहे. निपाणीला आई ‘मल्ल्या’ म्हणायची. ती गेली, त्यानंतर मला कुणी अरे म्हटलेलं नाही. बेळगावला गेलो तर तिथं निदान नोकर तरी म्हणतील.” ते उगाच हसले. “करून बघा ना. ऐकू तरी कसं वाटतं.”

मी करून बघितलं. मला स्वतःलाही उत्सुकता होती, खोटं कशाला सांगू. चहाच्या बोलण्यातला ‘आपल्या’ उचलला आणि देठाच्या वाक्यातल्या ‘कडे’ला नेऊन चिकटवला. तो बसेना. चहाच्या वेळी अप्पा माइकपासून लांब होते, आवाज पातळ होता आणि खाली पेल्याची किणकिण होती. किणकिण खरवडून काढली, आवाज चढवला, सांध्यावर धण्याच्या कोठारातली शांतता पसरली. शेवटी बसला. स्पीकर लावले.

“आपल्याकडे देठासकट मिरची कुटत न्हाईत, जावईबापू.”

हा माणूस दोन दिवसांत पहिल्यांदा हलायचा थांबला.

“पुन्हा.”

“आपल्याकडे देठासकट मिरची कुटत न्हाईत...”

“अजून एकदा.”

तिसऱ्या वेळी वाक्य संपायला आणि दारात अप्पा यायला एकच गाठ पडली. मागं गिरिजा होती, हातात पोह्यांच्या बशा.

“हे कुणी म्हटलं?” अप्पा म्हणाले.

जावईबापू टेबलाकडे बघायला लागले. मीच म्हटलं, “तुम्हीच, अप्पा.”

“आवाज माझा हाय. पण मी जावईबापूंशी असा बोलत न्हाई.” त्यांनी डोळे बारीक केले. “ह्यो लाडातला सूर हाय. पुन्हा लाव बघू.”

मी लावलं नाही. सांगून टाकलं. तुमच्याच दोन वाक्यांचं एक केलंय, म्हटलं.

“माझ्या तोंडात शब्द घातलास? काल माझी भाकरी खाल्लीस अन् आज...”

“त्यांना बोलू नका, मामा. मी सांगितलं करायला,” जावईबापू म्हणाले.

“तुम्ही?” अप्पा खुर्चीवर बसले. रागानं लाल झाले होते, तरी शब्द कसे पॉलिश केल्यासारखे येत होते. “जावईबापू, हे तुम्हाला शोभत नाही. तुमच्यासारख्यांनी असं करावं, याचं नवल वाटलं.”

“शिव्या घाला की, मामा!” जावईबापू एकदम उभे राहिले. “एवढं केलं मी, आता तरी घाला! नवल कसलं वाटतंय? दूधवाल्यानं पाणी घातलं तर त्याच्या सात पिढ्या काढता. मी तुमचा आवाज चोरला, आणि मला ‘शोभत नाही’?”

“अहो,” गिरिजा हळूच म्हणाली.

“तू थांब. सोमवारी मी बेळगावला चाललोय, मामा. तिथं काम बघितलंय. गिरिजा येतीये. तुमची माणसं बघतील ना इथलं? बघू देत त्यांना.”

बाहेर डंक आपटत होता. अप्पांनी गिरिजाकडे बघितलं. तिनं बशा टेबलावर ठेवल्या आणि मान खाली घातली, म्हणजे खरं होतं.

“माझी कुठली माणसं?” अप्पा म्हणाले.

“काल म्हणालात की. ‘बघतील आमची माणसं.’”

“म्हणजे तुम्हीच की! दुसरं कोण हाय मला?” अप्पांनी माझ्याकडे बोट केलं. “ह्या पोरीनं सांगितलं, समोर बसल्याला ओ की ठो कळत न्हाई असं समजून बोला. मग परक्याला सांगताना काय म्हणायचं? आमच्याकडे असं, आमची माणसं तशी. ऐकणारा काय माझ्या घरात ऱ्हातो, त्याला आपल्याकडे म्हणायला?”

व्याकरणाच्या दृष्टीनं बिनतोड होतं. सगळा दोष माझ्या खात्यावर ढकलून अप्पा मोकळे झाले होते. ते खरं बोलत होते, की जन्मभर गिऱ्हाइकांना निरुत्तर केलेल्या माणसाचा तो हजरजबाबीपणा होता, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. जावईबापूंनाही आलं नसावं.

“आणि रेकॉर्डिंग नव्हतं तेव्हा?” ते म्हणाले. “इतकी वर्षं कुणाला ऐकवत होतात?”

अप्पा बोलले ते खाली बघून.

“माझा सासरा मला मरेस्तोवर ‘ए शिवल्या’ म्हणाला. गिऱ्हाइकासमोर. पोती वाहिली मी ह्या घरात. पंगत उठली की मग माझं ताट. हिच्या आईला कसनुसं व्हायचं, पदरानं तोंड झाकायची. तवाच ठरवलं. माझ्या दारात जावई आला तर त्याच्या हाताला पोत्याचा काथ्या लागू द्यायचा न्हाई, अन् माझ्या तोंडातनं अरे निघू द्यायचं न्हाई. सोपं वाटतंय होय तुम्हाला? माझी ही जीभ! कितीदा तो शब्द आला असंल तोंडात, अन् गिळला असंल. अन् आज तुम्ही म्हणताय, तोच पाहिजे होता?”

जावईबापू खाली बसले. एकानं जन्मभर जमेला धरलेलं दुसऱ्यानं नावे टाकलेलं होतं, आणि दोघांचाही हिशेब चोख होता.

“मग म्हणा की अप्पा आता,” गिरिजा म्हणाली. “त्यात काय एवढं?”

“म्हणतो की.” अप्पांनी तोंड उघडलं. मिटलं. “अ... असं कसं? अचानक कसं म्हणायचं?” आणि मग माझ्याकडे वळले, “चल गं, लाव तुझं यंत्र. तो शेवटचा सवाल पुन्हा घे. तिथं म्हणतो. एकदा म्हटलं की पक्कं होईल, माघारी घ्यायला नको.”

डंक थांबला. पुन्हा धण्याचं कोठार. बायकांना कसा सुगावा लागतो कुणास ठाऊक. देठ खुडणाऱ्या सगळ्या दाराबाहेर येऊन बसल्या, हातात एकही मिरची नाही. मी हेडफोन चढवले आणि खूण केली.

“मामा, पुढं हे सगळं कोण बघणार?” जावईबापूंनी विचारलं.

“हे बघतील,” अप्पा म्हणाले. “थांब, थांब. पुसून टाक. पुन्हा.”

“मामा, पुढं हे सगळं कोण बघणार?”

“हा... बघतील.”

दाराबाहेर कुणीतरी फिसकलं.

“हा बघतील काय, अप्पा!” गिरिजा म्हणाली. “एक काय ते धरा.”

“तू गप. पुन्हा.”

पुन्हा. ‘हे’ आलं. पुन्हा. ‘जावई बघतील’ आलं. पुन्हा घेतलं तर अप्पांनी नुसतंच बोट दाखवलं. मी म्हटलं, अप्पा, बोट ऐकू येत नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. एवढा मोठा व्यापारी, पोरानं पाढा विसरावा तसा ओठ हलवत बसला होता. हेडफोनमध्ये मला त्यांची जीभ टाळूला लागल्याचा आवाज येत होता, आणि लागून परत फिरल्याचा. पलीकडे जावईबापूंचा श्वास. ते हातानं गुडघा दाबून बसले होते. मला एकदम वाटलं, हे काही व्हायचं नाही. सोमवारी हा माणूस जाणार, आणि जाताना यांच्याकडून आणखी एक नमस्कार घेऊन जाणार.

“मामा, पुढं हे सगळं कोण बघणार?”

अप्पांनी डोळे मिटले. छाती भरून घेतली. ओठ उघडले.

“मामा, राहू दे,” जावईबापू म्हणाले. “उगीच त्रास. ‘हे’ चालेल.”

“गप रे मल्ल्या!” अप्पा कडाडले. “मधी कशाला तडमडलास? आत्ता येत होतं तोंडात!”

रेकॉर्डरच्या पडद्यावरचा आवाजाचा आकडा लाल झाला. माझे कान गच्च झाले. अप्पांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला, गरम भांड्याला हात लागल्यासारखा.

“चुकलं,” ते म्हणाले. “जावई...”

“चुकलं नाही,” मल्लिकार्जुन म्हणाला.

तो हसत होता की काय करत होता, कळेना; धण्याच्या धुळीत सगळ्यांचेच डोळे भरलेले असतात. अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी डाव्या बाजूच्या पोत्याकडे बोट केलं.

“ते पोतं सरकव तिकडं. मधी येतंय. अन् नीट धर, काथ्या लागंल हाताला.”

मल्लिकार्जुननं पोतं उचललं. सरकवायचं होतं, त्यानं ते खांद्यावरच घेतलं. दाराबाहेरच्या म्हाताऱ्या बाईनं “अगं बया, जावईबापू!” म्हणून हात पुढं केला, तर अप्पा तिच्यावर ओरडले, “असू दे! तरणाबांड हाय तो. त्याला काय धाड भरलीय?”

त्यानंतर घेतलेल्या पहिल्याच टेकला अप्पा स्वच्छ म्हणाले, “हा बघंल.” आणि लगेच, “झालं ना? मग डंक चालू करा आता. कालपासनं धंदा अडलाय.”

रविवारी सकाळी मी सामान आवरत होते तेव्हा मल्लिकार्जुन ऑफिसात आला. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. दार लोटून घेतलं.

“विभाताई, एक सांगायचं होतं. ते शेवटचं आहे ना, ‘हा बघंल’. पॉडकास्टमध्ये तिथं ‘हे बघतील’ ठेवा. पहिल्या वेळी म्हटलं होतं ते.”

मी हातातली वायर खाली ठेवली. “अहो, त्या एका अक्षरासाठी काल तुमच्या सासऱ्यांना घाम फुटला!”

“ते झालंच की. पण पुण्याचे दुकानदार ऐकणार. बँकेचे साहेब ऐकणार. ‘हा’ कसं दिसतं चारचौघांत?”

“आणि ‘गप रे मल्ल्या’?”

“ते तर अजिबात नको.” तो जरा घुटमळला. “तेवढं फक्त मला मोबाइलवर पाठवा.”

माणसाला दोन्ही हवं असतं. मी ‘हे बघतील’ ठेवलं आणि दुसरं त्याला पाठवलं. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. या खेपेला त्यानं तो लगेच कानाला लावला.

“बोला साहेब. हो, सोमवार म्हणालो होतो, पण आजच सांगतो. नाही जमायचं... नाही, पगाराचं काही नाही... नाही हो, तुमच्याबद्दल काहीच नाही.” बाहेरून अप्पांची हाक आली, मल्ल्या, मिरचीची गाडी आली रे, आणि तो मोबाइल कानाला धरूनच दाराकडे निघाला. “आत्ता कसा सोडू, साहेब? कालच तर लागलोय इथं.”